अण्णांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ

कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतंय अशी तक्रार आली की मी फोनवरच सांगून टाकायचो, सेल गेला असेल. मशीन उघडून बघायचीसुद्धा गरज नसायची. आत मदरबोर्डवर नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. वीज गेली, मशीन बंद पडलं, तरी आतलं घड्याळ त्या सेलवर चालत राहतं. सेल म्हातारा झाला की घड्याळ रेंगाळायला लागतं. वीज नसेल त्या वेळातला थोडाथोडा वेळ ते गिळत जातं. आणि सेल पुरता मेला की सगळं विसरून, कारखान्यात घालून दिलेल्या पहिल्या तारखेवर जाऊन बसतं. माझ्या धंद्यातला हा सगळ्यात सोपा आजार. तोच आमच्या घरी मला कित्येक महिने कळला नाही.

मी तेव्हा शहरभर फिरून कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. शाळा, डॉक्टरांचे दवाखाने, बिल्डरांची ऑफिसं. बिल्डरांची ऑफिसं फार होती. शहर पूर्वेकडे सुसाट सुटलं होतं, आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडे, जिथे आम्ही प्लॉट घेऊन घर बांधलं होतं, तिथे जिकडेतिकडे टाउनशिपच्या मोठ्या पाट्या लागल्या होत्या. पाटीवर कारंजी उडायची आणि पाटीखाली बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसायच्या. मला त्या पाट्या बघितल्या की डोक्यात तिडीक जायची. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. आमच्या कॉलनीत नळाची लाइन आलीच नव्हती, त्यामुळे ती कोरडी पडण्याचा प्रश्नच नव्हता. टँकर आला तर पाणी, नाही तर नाही.

घरात आम्ही चौघं. अण्णा, आई, मी आणि माझ्याहून बराच लहान असलेला भाऊ. अण्णा सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांकडे सिल्लोडच्या बाजूला चार गावांचं जोशीपण होतं. अण्णांनी ते नोकरीच्या काळात बांधून माळ्यावर टाकलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर खाली काढलं. पंचांग बघणं, पत्रिका जुळवणं, मुहूर्त सांगणं. पैसे घ्यायचे नाहीत. कुणी नारळ ठेवला तर ठेवला.

धाकट्यानं त्यांना ज्योतिषाचा एक प्रोग्राम कुठून तरी आणून कॉम्प्युटरवर घालून दिला. माउस कसा धरायचा इथपासून शिकवलं. अण्णांचा बाण पडद्याबाहेर पळायचा आणि धाकटा हसून लोळायचा. मी या सगळ्याची टिंगल करायचो. धाकटा टिंगलही करायचा आणि मदतही, म्हणून त्याचं आणि अण्णांचं जमायचं. माझं नुसतंच अडायचं.

त्या प्रोग्राममध्ये अण्णांना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रश्नकुंडली. जन्मवेळ माहीत नसलेला माणूस येऊन काही विचारतो, तेव्हा त्यानं प्रश्न विचारला त्या क्षणाचीच कुंडली मांडतात. त्या क्षणी पूर्वेला कुठली रास उगवते आहे त्यावरून उत्तर काढायचं. दर दोनेक तासांनी ही रास बदलते, आणि रास बदलली की उत्तरही बदललं. पूर्वी अण्णांचे वडील त्यासाठी पाटीवर गणित करत बसायचे. इथे ‘आत्ता’ असं एक बटण होतं. ते दाबलं की कॉम्प्युटर आपल्याच घड्याळातली वेळ उचलायचा आणि कुंडली पडद्यावर हजर.

दुष्काळात प्रश्न विचारायला येणारे वाढले. बोअर घ्यायचीय, पाणी लागेल का, हा ठरलेला प्रश्न. एकदा मात्र एक धनगर आला. पलीकडच्या मोकळ्या प्लॉटांवर त्याची मेंढरं बसलेली होती.

“महाराज, माझं मेंढरू गेलं ओ. लई गुणाचं व्हतं. कुठं गेलं तेवढं सांगा.”

अण्णांनी ‘आत्ता’ दाबलं, चष्मा पुढे-मागे केला आणि म्हणाले, “पश्चिमेला बघ. पाण्याच्या जवळ असंल.”

“पाण्याच्या जवळ?” मी आतून ओरडलो. “पाणी कुठंय तेवढं आम्हालाही सांगा अण्णा, सगळं शहरच जाईल तिकडं.”

तो माणूस संध्याकाळी परत आला. “घावलं नाय महाराज. परत एक डाव बघा की.”

अण्णांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. “एका गोष्टीचा प्रश्न एकदाच विचारायचा असतो बाबा. परत परत विचारलं की उत्तर खोटं येतं. जा, धीर धर.”

दुसऱ्या दिवशी मेंढरू सापडलं. टँकर भरतात त्या विहिरीवरच्या गळक्या पाइपाखाली चिखलात बसलेलं. मी म्हटलं, पाण्याच्या वासानं कुठलंही जनावर तिथेच जाणार, त्याला ग्रह कशाला पाहिजेत? अण्णा म्हणाले, “मग तू का नाही सांगितलंस त्याला?” धाकटा यावर इतका हसला की आईनं त्याला पाण्याचा तांब्या दिला.

त्याच उन्हाळ्यात धाकट्याचं काम गेलं. तो वाळूजला एका कारखान्यात कंत्राटावर होता. पाणी कमी मिळायला लागलं म्हणून एक पाळी बंद झाली, आणि अशा वेळी पहिली कुऱ्हाड कंत्राटाच्या पोरांवर पडते. तो घरी बसला. सुरुवातीला टँकरवर हंडे भरायचा, आईला मदत करायचा. मग हळूहळू बोलणं कमी झालं. हसणं तर आधीच गेलं होतं. आम्ही म्हणायचो, होईल काहीतरी. आमच्याकडे असं म्हणून गप्प बसण्याची पद्धतच आहे.

एके दिवशी सकाळी बॅग घेऊन निघाला. पुण्याला मित्राकडे जातो, तिथे काम बघतो म्हणाला. सुरुवातीला फोन लागायचा, पण उचलायचा नाही. मग बंदच लागायला लागला. पुण्याच्या मित्राला विचारलं तर तो म्हणाला, इकडे आलाच नाही. चौकीवर जाऊन तक्रार दिली. त्यांनी फोटो ठेवून घेतला आणि म्हणाले, येतात हो, या वयातली पोरं येतात परत.

त्यानंतरची सकाळ मला आजही दिसते. टँकर नुकताच गेला होता. आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि तशीच ती अण्णांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं अण्णांना कधी काही विचारलं नव्हतं. तिला ते थोतांड वाटायचं की आपल्या पायरीबाहेरचं वाटायचं, कुणास ठाऊक.

“आहे ना हो तो?” ती म्हणाली. “येईल ना?”

अण्णांनी ‘आत्ता’ दाबलं. पडद्यावरची कुंडली वहीत उतरवून घेतली. बोटांवर काहीतरी मोजलं, परत बघितलं. मग खुर्ची वळवून तिच्याकडे तोंड केलं.

“सुखरूप आहे. उशीर लागेल, पण येईल.”

आई तिथेच उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. आणि मी, जन्मभर टिंगल करणारा, भिंतीला टेकून उभा होतो. माझाही जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू?

त्या एका वाक्यावर आमचं घर चालायला लागलं. आईनं न्हाणीतल्या एका बादलीवर झाकण ठेवलं. धाकटा आला की त्याला आंघोळीला पाणी पाहिजे. भांडी धुतलेलं पाणी झाडाला घालायचं ते घर, पण त्या बादलीला कुणी हात लावायचा नाही. अण्णा पुन्हा माणसात आले. लोकांचे प्रश्न बघायला लागले. दार वाजलं की तिघंही उठायचो, आणि जो पुढे जाईल त्याच्या तोंडाकडे उरलेले दोघं बघायचे.

पावसाळा कोरडा गेला. त्याच सुमारास एका संध्याकाळी अण्णा मला म्हणाले, “अरे, ह्याचं काहीतरी बिघडलंय. बाहेर दिवस बुडतोय आणि हे सूर्य डोक्यावर दाखवतंय.”

बघितलं तर घड्याळ मागे. मला नवल वाटलं नाही. लोडशेडिंगनं दिवसातला केवढा तरी वेळ वीज नसायची, यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली, त्यात सेल म्हातारा. आधीही कधीतरी ते मागे दिसलं होतं आणि मी पुढे करून विसरून गेलो होतो. त्या दिवशी सेल मिळाला नाही म्हणून अण्णांना दाखवून ठेवलं, मागे पडलेलं दिसलं तर इथं दाबायचं, तारीख अशी बदलायची, वेळ अशी बदलायची. ते शिकण्यात हुशार होते. एकदा दाखवलं की विसरायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवीन सेल आणून घातला. मी स्क्रू पिळत होतो, तेव्हा अण्णांनी विचारलं, “किती दिवसांपासून मागं असंल रे?”

“काय सांगणार. लोडशेडिंग वाढलं तेव्हापासून असेल. उन्हाळ्यापासून धरा.”

“किती मागं?”

“कधी तास, कधी पाच-सहा तास. वीज जाईल तसं. तुमच्या निम्म्या कुंडल्या चुकल्या म्हणायच्या.” हे मी मजेत म्हणालो.

त्यांनी काढलेला जुना सेल उचलून तळहातावर घेतला. “आईनं विचारलं त्या दिवशीही असंल का?”

“असेलच की,” मी म्हणालो आणि झाकण बसवलं. माझं लक्ष त्या स्क्रूकडे होतं. एक आटा फिरलेला होता, तो बसत नव्हता.

त्यानंतर अण्णांचं जेवण कमी झालं. आई म्हणाली, उष्मा आहे. येणाऱ्या लोकांना ते सांगायला लागले की मी आता बघत नाही, डोळे दुखतात. मलाही ते बरं वाटलं. म्हटलं, सुटले एकदाचे.

काही दिवसांनी मी घरच्या मशीनवर एका शाळेच्या दुरुस्तीच्या बिलाचा कागद तयार करून नेला. तिथले हेडक्लार्क कागद बघून म्हणाले, “साहेब, हे तुम्ही गेल्या उन्हाळ्यातच करून ठेवलं होतं काय?” तारीख चार-पाच महिने जुनी पडली होती. घरी येऊन बघितलं तर घड्याळ खरंच तिथे. मी चिडलो. ज्या दुकानातून सेल आणला त्याला जाऊन झापलं, बनावट माल विकतो म्हणून. त्यानं दुसरा दिला. तो घातला, घड्याळ लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे.

मग माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. सेल बसतो ती पत्र्याची पट्टी खोडरबरानं घासली. धुळीचा थर काढला. आत वीज पोचवणारा डबा बदलून बघितला. व्हायरस शोधला. देशाची वेळ दुसरीच कुठली लागलेली नाही ना, तेही तपासलं. मदरबोर्डच गेला म्हणावं तर बाकी मशीन ठणठणीत. शेवटी इंटरनेटवरून वेळ आपोआप लागेल अशी सोय केली आणि आईला ऐटीत सांगितलं, आता हे बिघडूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी इंटरनेटचा डोंगल काढून टेबलाच्या खणात ठेवलेला, आणि घड्याळ मागे. अण्णा म्हणाले, “उगाच कशाला चालू ठेवायचं, नेट संपतं.” मला पटलं. ते दिवा मालवून अंधारात बसणाऱ्यांतले होते.

गंमत अशी की जे मी लोकांना फोनवर सांगायचो तेच मला आठवलं नाही. मेलेला सेल घड्याळाला पहिल्या तारखेवर नेतो. म्हातारा सेल तासांनी मागे पाडतो. महिन्यांनी मागे नेऊन दर वेळी त्याच एका दिवशी आणून उभा करणारा सेल कुठल्याही कंपनीनं बनवलेला नाही. हे माझ्या डोक्यात आलं ते एका बिल्डरच्या ऑफिसात, दुसऱ्याचं मशीन उघडून बसलो होतो तेव्हा. ती तारीख मी मनाशी म्हटली, आणि कुठली ते कळलं. आम्ही चौकीवर जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची. ज्या सकाळी आई दारात उभी होती ती.

मी काम अर्धवट टाकून घरी आलो. दुपार होती. आई शेजारी गेली होती. अण्णा कॉम्प्युटरपुढे बसले होते आणि मी शिकवलं होतं तसं, न चुकता, एकेक आकडा बदलून घड्याळ मागे नेत होते. मला बघून त्यांनी माउसवरचा हात काढला नाही.

“अण्णा, सेल चांगला आहे.”

“मला माहीत आहे.”

“मग मी तीन-तीनदा मशीन उघडत होतो ते तुम्ही बघत बसलात?”

“तू मशीनला विचारत होतास. मला कुठं विचारलंस?”

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मी म्हणालो, “जुनी कुंडली बघायची तर तारीख-वेळ हातानं घालता येते की त्यात. अख्खं घड्याळ कशाला फिरवायचं?”

“हातानं घातली तर ती मी घातलेली वेळ झाली. मग त्याला काय अर्थ? मला पाहिजे ते मी घालीन.” ते पडद्याकडे बघत म्हणाले. “घड्याळ मागं नेलं की मी ‘आत्ता’ म्हणतो, आणि हेही म्हणतं, आत्ता. मग मी विचारतो.”

“काय सांगतं?”

“येईल म्हणतं. रोज म्हणतं.”

पडद्यावरच्या वेळेकडे माझं लक्ष गेलं. सूर्य उगवल्याची वेळ होती ती. आई त्या दिवशी टँकर गेल्यावर आली होती, तेव्हा ऊन अंगणात चांगलं तापलेलं होतं. म्हणजे आईनं विचारलं तो क्षण हा नव्हताच. बिघडलेल्या सेलनं काढून दिलेली ही वेळ, आणि तिच्यावर आम्ही तिघं पाच-सहा महिने जगलो होतो. अण्णांना हे माझ्या आधी कळलेलं होतं, त्या फिरलेल्या आट्याच्या दिवशीच.

“मग खऱ्या वेळेला विचारलं असतं तर?” मी म्हणालो.

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आई आली नाही याची खात्री केली.

“विचारलं. तू सेल घातलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. आधीचा प्रश्न खोट्या वेळेवरचा, म्हणून परत विचारायला हरकत नव्हती.”

“काय आलं?”

“‘नाही’ असं आलं.”

“नाही म्हणजे काय? येणार नाही, की...”

“नाही,” ते म्हणाले. आवाज वर गेला नाही की खाली गेला नाही. “आईला बोलू नकोस.”

मी म्हणायला पाहिजे होतं, अण्णा, हे सगळं थोतांड आहे. तेही खोटं आणि हेही खोटं. जन्मभर हे वाक्य मी त्यांच्या तोंडावर मारत आलो होतो, आणि त्याचा उपयोग झाला असता अशी वेळ आयुष्यात ती एकच आली. पण ते वाक्य तोंडातून निघेना. मी फरशीवर बसलो आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो. कुणीतरी बाहेरून येऊन माझ्या भावाची बातमी सांगावी, तसं मला ते ऐकू आलं होतं.

अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. बसल्या जागेवरून हात लांब करून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. “अरे, रडू नको. ये इकडं, हे बघ. हे येईल म्हणतंय ना.”

मी उठलो आणि त्यांच्या मागे उभा राहून बघितलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. चौकोनात चौकोन आणि त्यात अक्षरं. मी म्हणालो, “हो, म्हणतंय.”

त्या दिवसानंतर मी ते घड्याळ दुरुस्त केलं नाही. कामाचे कागद बाहेर जाऊन काढायला लागलो. अण्णा पुन्हा जेवायला लागले, थोडं थोडं. पुढे पाऊस आला, धरण भरलं, काही वर्षांनी पुन्हा आटलं. आमच्या मागेपुढे इमारती झाल्या. चौकीकडून कधी काही कळलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. आई आणि अण्णा दार वाजलं की पूर्वीसारखेच उठायचे. मी बसून राहायचो. ज्याचा कशावर विश्वास नव्हता त्यानंच त्या दुपारी भावाची वाट बघणं सोडलं होतं, आणि हे मी त्यांच्यापासून लपवत होतो.

अण्णा गेले त्या सकाळी घरात माणसं जमली होती. फोन चालले होते, कुणाला कळवलं, कुणाला राहिलं. आईनं मला हातानं खूण करून आत बोलावलं. ती रडत नव्हती. अगदी हिशेबातलं काहीतरी विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं.

“धाकट्याला कसं कळवायचं रे?”

मी म्हणालो, “बघतो.”